सांगणाऱ्याचा सूर

"गाऊ नकोस, सीब्रांड," आई म्हणाली आणि तिनं फोन ठेवून दिला.

चर्चच्या मागच्या अंगाला, घडीच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या बोळकांडीत सीब्रांड फोन कानाला तसाच लावून उभा राहिला. पलीकडे आता काहीच नव्हतं. आत कोणी तरी ऑर्गनची एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबून बघत होतं. त्याला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो असू. मग वाटलं, छे, चुकायला काय झालं. आई कधी मोघम बोलली आहे? वाक्य तर साधं होतं, 'आई, येल्मर आज सकाळी गेला.' याहून सरळ कोण सांगणार? पण खरं काय ते त्याला आतून ठाऊक होतं. 'येल्मर' म्हणताना त्याचा आवाज वर गेला होता, 'आज सकाळी'वरून पायरी पायरीनं खाली आला होता आणि 'गेला'वर अलगद टेकला होता. टेकल्यावर तो क्षणभर थांबलाही होता. कशासाठी? तर ऑर्गननं दोन सूर देऊन वाक्य बंद करावं म्हणून! सख्ख्या भावाच्या मरणाची बातमी आईला देताना हा माणूस साथीची वाट बघत थांबला होता. त्याला स्वतःची शिसारी आली.

बातमी त्याला येल्मरच्या बायकोनं, नीन्केनं दिली होती. सकाळी कॉफी घेऊन ती मागच्या शेडमध्ये गेली तर येल्मर उलट्या केलेल्या सायकलशेजारी पडलेला. डॉक्टर आले, त्यांनी मान हलवली. ती रडत सांगत होती, मध्येच पोरांवर ओरडत होती, मध्येच नाक पुसत होती, तरी तिचं सगळं सीब्रांडला लख्ख कळलं. शेवटी ती म्हणाली, "आईंना सांगायला माझी जीभ रेटणार नाही रे. तू सांग. तुला येतं सांगायला." यात टोमणा नव्हता. सगळ्या फ्रीसलँड प्रांताला माहीत होतं की सीब्रांडला सांगायला येतं. ईस्टरच्या आधीचे हे तीन आठवडे तो काळा सूट हातावर टाकून गावोगाव हिंडायचा आणि प्रत्येक गावच्या चर्चमध्ये ख्रिस्ताच्या मरणाची तीच कथा गाऊन सांगायचा. कोरसमधले लोक शिंपी, शिक्षक, दंतवैद्य असत. सांगणारा मात्र बाहेरून बोलवावा लागे, आणि तो सीब्रांडच असे. आज दुपारी लेउवार्डनमध्ये गायन होतं. आईला स्नेकहून गाडीत घालून येल्मरच आणणार होता, दर वर्षी आणायचा तसा. स्नेक म्हणजे आगगाडीनं अर्ध्या तासाचा पल्ला. सीब्रांडला जाऊन सांगता आलं असतं. पण तालीम आहे, सहाशे माणसं यायची आहेत, असं काहीबाही स्वतःला पटवून त्यानं फोन केला. समोर बसून सांगायचं म्हटलं की आई त्याच्या तोंडाकडे बघणार, हे त्याला नको होतं.

आई तोंडाकडे बघते ही गोष्ट जुनी. घरात दुपारचं जेवण झालं की बाप बायबल काढायचा. बाप दूध संघात कामाला, पण गावच्या कडक पंथाच्या छोट्या चर्चला पाद्री परवडत नव्हता म्हणून रविवारी छापील प्रवचनं वाचून दाखवायचं काम त्याच्याकडे होतं. त्या वाचण्याला एक सूर होता. एका पट्टीवर धरलेला, स्वल्पविरामाला किंचित चढणारा, देवाचं नाव आलं की थरथरणारा आणि पूर्णविरामाला खाली बसणारा. त्याच्या बापाचाही तोच होता, त्याच्याही बापाचा तोच. त्या चर्चमध्ये त्या सुरावाचून कोणी बोललं तर लोकांना ते खरंच वाटत नसे. हळूहळू बापाचं सगळंच बोलणं त्या सुरात गेलं. 'मीठ दे' तसंच, 'गाय व्याली' तसंच, 'पट्टा आण' तसंच. वाचन संपलं की तो बोट ओळीवर ठेवून मुलांकडे बघायचा आणि विचारायचा, "शेवटचा शब्द?" सगळ्या गावात ही रीत होती, पोरांचं लक्ष आहे की नाही बघायची. येल्मर पटकन सांगायचा. सीब्रांडची पाळी आली की त्याची जीभ टाळूला चिकटायची. तो जन्माचा तोतरा. शब्द समोर दिसायचा, पहिलं अक्षर यायचं, पुन्हा यायचं, पुन्हा यायचं, आणि दार काही उघडायचं नाही. कान तापायचे, मान ताठ व्हायची. मग शेजारून येल्मर ओठ न हलवता तो शब्द बोलून टाकायचा आणि बापाची चापट खायचा.

एक दिवस, सात वर्षांचा असेल, सीब्रांडनं घाबरून बापाच्याच सुरात तोंड उघडलं. खालून उचललं, वर नेलं, खाली ठेवलं. शब्द लोण्यातून सुरी जावी तसा बाहेर आला. बाप चकित झाला. देवानं पोराची जीभ सोडवली म्हणाला, आणि त्यानं त्या दिवशी दुसऱ्यांदा प्रार्थना केली. येल्मर टेबलाखालून लाथा मारत हसत होता. आईनं मात्र चमचा खाली ठेवला आणि ती सीब्रांडच्या तोंडाकडे बघत राहिली. नंतर भांडी पुसताना ती हळूच म्हणाली, "तो तुझा आवाज नाही हं." त्याला राग आला होता. ज्याला बोलताच येत नाही त्यानं आवाज आपला की दुसऱ्याचा हे बघत बसायचं? बुडणारा माणूस दोरी कोणाची हे विचारतो?

त्यानंतर तो तसाच बोलत गेला. सूर बारीक केला, लपवला, घासून घासून इतका पातळ केला की परक्याला तो फक्त 'काय गोड बोलतात हे' असं वाटावं. गाणं शिकला ते ह्याच वाटेनं. गाण्यात तोतरेपणा नसतो हे त्याला कोणी सांगायला नको होतं. एकटा येल्मर काही फसला नाही. "भाऊसाहेब, बटाटे मागताय की आशीर्वाद देताय?" असं भर पंगतीत विचारायचा. आणि त्या एकट्या येल्मरपाशी सीब्रांड सूर सोडून बोलायचा. कालव्याच्या काठी गळ टाकून बसले की मनसोक्त अडायचा, थुंकी उडवायचा, एकेका शब्दावर इतका वेळ घालवायचा की मासा आमिष खाऊन पळून जायचा. येल्मर त्याचे शब्द पुरे करून द्यायचा, कधी मुद्दाम चुकीचे, की सीब्रांड चिडून खरा शब्द ओरडून बाहेर काढायचा. मोठेपणी, दोघांची लग्नं होऊन, सीब्रांडचं मोडूनही, रविवार संध्याकाळचा फोन चुकला नाही. तासभर. त्या तासात सीब्रांड जगातल्या सगळ्यात वाईट पद्धतीनं बोलायचा आणि झोपायला जाताना त्याला हलकं वाटायचं. उद्या रविवार होता. उद्या फोन कोणाला करायचा? हा प्रश्न मनात आला तेव्हा पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेही येल्मरसाठी की स्वतःसाठी हे त्याला कळेना.

"सांगणारे कुठे गेले आपले?" आतून हेस्टरनं हाक मारली. हेस्टर कोरस चालवायची. पस्तिशीची, चष्मा डोक्यावर, पायात नेहमी रबरी बूट. तिनं यंदा नवीनच टूम काढली होती. पहिल्या तालमीलाच तिनं सगळ्यांना बसवून सांगितलं होतं की पूर्वी मठांमध्ये एक जण उभा राहून ही कथा एका पट्टीत वाचायचा, कारण दगडी इमारतीत साधं बोलणं चार बाकांपलीकडे जात नाही. ते गाणं नव्हे, नुसतं लांब पोचवलेलं वाचन. मग इटलीतल्या हौशी लोकांना वाटलं, बोलण्याचंच गाणं का करू नये. आणि त्यांनी केलं. ते जर्मन चर्चमध्ये आलं, इथं आलं. मग पुढच्या लोकांना गाण्याची इतकी चटक लागली की बोलणं बिचारं तळाशी गेलं. जुन्या तबकड्यांवर ऐका, सांगणारा बोटीच्या भोंग्यासारखा वाजतो, काय सांगतोय त्याचा पत्ता नाही. "आपण उलटं जायचंय," हेस्टर म्हणाली होती. "बोलण्याकडे. जितकं जवळ जाता येईल तितकं." सगळ्यांनी माना डोलावल्या. सीब्रांडनंही डोलावली, पण धास्तावूनच. शेकडो वर्षं माणसं त्या उंबरठ्यावरून हौसेनं ये-जा करत होती, कधी गाण्याच्या घरात, कधी बोलण्याच्या. त्याला तो उंबरठा मोजून मापून माहीत होता. स्वर किती सैल सोडला म्हणजे जीभ अडते हे त्याला केसाइतकं ठाऊक होतं, आणि ही बाई त्याला तालमीगणिक एक एक केस पुढे ढकलत होती.

आता तो जागेवर जाऊन उभा राहिला. कोणाला काही बोलला नाही. बोलायचं म्हणजे पुन्हा तो सूर, आणि तो सूर आता तोंडात कडू लागत होता. शेवटाकडचा भाग काढला होता, मरणाचा. ऑर्गननं एक सूर धरला, त्यानं वाक्य म्हटलं. म्हणताना त्याला दिसलं ते शेडमधलं फिरत राहिलेलं सायकलचं चाक. ते त्यानं पाहिलेलंही नव्हतं. वाक्य अलगद टेकलं. ऑर्गननं दोन सूर दिले. कोरसच्या मागच्या रांगेत एक म्हातारी डोळे टिपायला लागली.

हेस्टरनं हात खाली घेतला. "सुंदर," ती म्हणाली. "फारच सुंदर, आणि तेच मला नकोय. अरे, माणूस मेलाय इथं! तू मला त्याचा पुतळा दाखवतोयस. नुसती बातमी दे. घरी आईला फोन करून सांगशील ना, तशी."

कोरसमध्ये कोणी तरी हसलं. सीब्रांडनं पानं उलटल्यासारखं केलं. आपण आत्ता ओरडू असं त्याला वाटलं, पण ओरडायला तरी सूर लागतोच. त्यानं ते वाक्य पुन्हा म्हटलं, थोडं कोरडं. "हं, असं," हेस्टर म्हणाली. पण ते कोरडेपण त्यानं तितकंच मापून आणलं होतं. वीस वर्षांत त्यानं रडणं मापून आणलं होतं, धाप मापून आणली होती, आवाज चिरकवणंही. त्याच्याकडे सगळं होतं.

तालीम सुटल्यावर त्यानं आईला पुन्हा फोन लावला, पुन्हा लावला. ती उचलेना. नीन्केला लावला, तर ती म्हणाली, "कळलंय ना आईंना? काय म्हणाल्या?" तो म्हणाला, "कळलंय." त्या एका शब्दातही चढउतार होता. कळलं होतं का? आईनं वाक्य ऐकलं होतं. पण तिनं ते घेतलं नव्हतं, परत करून टाकलं होतं. तिकडे चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घरात ती एकटी काय करत असेल? गाडी पकडून जावं? गेलो तर वेळेत परतणार नाही, आणि दुसरा सांगणारा नाही. न जावं? तिचा मुलगा मेलाय आणि दुसरा मुलगा गातोय. गायकांसाठी दिलेल्या छोट्या खोलीत तो बसला. टेबलावर कॉफीचा थर्मास, लोणी लावून कापलेला साखरपाव. त्यानं सूट चढवला, काढला, पुन्हा चढवला. बाहेर लोक यायला लागले होते. लाकडी बाकांचे आवाज, कथेच्या छापील पुस्तिका चाळल्याचे आवाज. दार उघडलं आणि आई आत आली.

काळा कोट, काळी हॅट, दर वर्षी याच दिवशी घालायची तीच. वय चौऱ्याऐंशी, पाठ ताठ. तिच्या मागं कोणी नव्हतं.

"कशी आलीस?" त्यानं विचारलं.

"बसनं. मला काय बस धरता येत नाही?" ती समोरच्या खुर्चीत बसली, हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "सांग."

"आई, मी सकाळी..." त्यानं सुरुवात केली आणि आईनं तळहात वर केला.

"हे नको. हे मी सकाळी ऐकलं. तुझ्या बापानं माझ्या आईचं मरण मला सांगितलं ना, ते ह्याच सुरात. जेवणं आटोपत आली होती. त्याच्या एका हातात पुस्तक होतं आणि दुसऱ्या हातात तार होती. तो पुस्तकातलं वाचतोय की तारेतलं, मला कळलंच नाही. मी बटाटे वाढत राहिले, सीब्रांड. दोनदा विचारलं, अजून हवेत का म्हणून." तिचा आवाज मुळीच हलला नाही. "तेव्हा ठरवलं होतं, पुन्हा असं ऐकायचं नाही. तुझा बाप गेल्यावर चाळीस वर्षं कोरसमध्ये गायले. गाणं मला आवडतं. पण गाण्याच्या जागी. जे सांगायचंय ते मला सांग."

"अर्ध्या तासात मला उभं राहायचंय."

"मग?"

"एकदा अडायला लागलं की थांबत नाही. तुला माहीत आहे." हे तो अजून सुरातच म्हणत होता, त्याच लपवलेल्या, पातळ केलेल्या सुरात. "तिथं बाहेर अडलं तर मी संपलो. लोकांना... मला दुसरं काही येत नाही, आई."

"माहीत आहे," आई म्हणाली. "सांग."

तिच्या डोळ्यांखाली कातडी कागदासारखी झाली होती. ती सकाळपासून रडली नव्हती हे त्याला दिसलं. तिला अजून रडता आलेलं नव्हतं. त्यानंच ते अडवून धरलं होतं. त्यानं सूर सोडला. सोडला म्हणजे काय, तर छातीतून जो एक धागा वर ताणून धरलेला असे तो सैल केला, आणि लगेच मान ताठ झाली, कान तापले, सात वर्षांचं अंग परत आलं.

"ये," तो म्हणाला. "ये. ये. ये."

दार उघडेना. जबडा थरथरायला लागला. सवयीनं त्यानं शेजारी बघितलं, शब्द पुरा करणाऱ्याकडे. शेजारी थर्मास होता. त्यानं आईकडे बघितलं. ती पुरा करू शकली असती, नाव तिनंच ठेवलं होतं. तिनं ओठ घट्ट मिटले होते आणि ती थांबली होती. तिला घाई नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्या बघण्यात लाज नव्हती, कीवही नव्हती, हे त्याला इतक्या वर्षांत आज दिसत होतं. "ये. ये. येल," घशातून घरघर निघाली, थुंकी कोटावर उडाली, "येल्मर. मे. मे. मेला. आई, ये. येल्मर मेला."

वाक्य कुठंही टेकलं नाही. ते नुसतं तुटून पडलं, आणि आई पुढं वाकली. टेबलाची कड तिनं दोन्ही हातांनी धरली आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला, आखूड, जाडाभरडा, जनावराला निघतो तसा. मग ती रडली. हॅट तिरकी झाली, ती तिनं सावरली नाही. सीब्रांड उठून तिच्याजवळ गेला, गुडघ्यांवर बसला, तिचा हात धरला. तोही रडत होता, वेडावाकडा, हुंदके मापावेत हे भानही नसलेला. येल्मर गेला हे त्याला स्वतःलाही आत्ताच कळलं होतं.

"कसा?" बऱ्याच वेळानं आईनं विचारलं.

"शे. शेडमध्ये. सा. सायकल. पं. पं. पंक्चर."

"कोणाची सायकल?"

"धा. धाकटीची. ति. तिला सो. सोमवारी शा. शाळेत."

दारावर टकटक झाली आणि हेस्टरनं डोकं आत घातलं. रबरी बूट जाऊन आज काळे जोडे आले होते. "सीब्रांड, लोक बसलेत. कोरस उभा आहे."

"पा," सीब्रांड म्हणाला. "पा. पा. पाच मि. मि."

हेस्टर हसली, तिला वाटलं थट्टा आहे. मग तिनं त्याचं तोंड बघितलं, गुडघ्यांवर बसलेलं त्याचं अंग बघितलं, म्हातारीची तिरकी हॅट बघितली, आणि तिचं हसू विरलं. "सीब्रांड?" ती म्हणाली. "तुझ्या आवाजाला काय झालं? गाता येईल ना तुला?"

त्यानं मान हलवली. हो की नाही, ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. बाहेर ऑर्गननं स्वर द्यायला सुरुवात केली होती, आणि सहाशे माणसं खोकून, खाकरून गप्प होत होती.

आईनं डोळे पुसले. "थांबू द्या त्यांना," ती हेस्टरला म्हणाली. "त्यांची गोष्ट जुनी आहे. शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. मला माझ्या पोराचा ठाऊक नाही." हेस्टर दारातच उभी राहिली. आईनं सीब्रांडचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं. "हं," ती म्हणाली. "धाकटीची सायकल. चाक काढलं असेल त्यानं. मग?"